मिरचीतील मर रोग : जमिनीतील उपयुक्त जिवाणूंचा वापर

मिरचीच्या रोपवाटिकेत उगवण चांगली होते आणि काही दिवसांत रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात. पिथियम, फायटोप्थोरा व रायझोक्टोनिया या बुरशींमुळे हे होते. लागवडीनंतर फ्युजारियममुळे उभी झाडे मरतात. वाळलेले झाड आळवणीने परत येत नाही. त्यामुळे जिवाणू रोग येण्याआधी आणि मुळाजवळच द्यावेत.

स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू मुळांतून पाझरणाऱ्या अन्नावर वाढतो. तो मुळाभोवतीचे लोह पकडून ठेवतो व बुरशीला मिळू देत नाही, प्रतिजैविके सोडतो आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. बॅसिलस सबटिलिस बीजाणू तयार करतो, म्हणून तो उष्णता व साठवण जास्त सहन करतो. स्यूडोमोनासला ते जमत नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली पडून राहिलेले पाकीट मुदत शिल्लक असूनही निकामी असू शकते. खरेदी करताना तारखेइतकीच साठवणुकीचीही चौकशी करावी.

घरच्या बियाण्यास प्रति किलो 10 ग्रॅम भुकटी चोळून सावलीत सुकवावे. संकरित बियाणे बहुधा बुरशीनाशक लावून रंगीत केलेले येते. त्यावर पुन्हा प्रक्रिया करण्यापेक्षा पुनर्लागवडीच्या वेळी लक्ष द्यावे. प्रति लिटर पाण्यात 10 ग्रॅम मिसळून त्यात रोपांची मुळे 20 ते 30 मिनिटे बुडवावीत. आमच्या मते एकच काम जमणार असेल, तर हेच करावे. शेतासाठी एकरी 1 किलो भुकटी 20 किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सायंकाळी वाफशावर मुळाजवळ द्यावी. कोरड्या, तापलेल्या मातीत जिवाणू टिकत नाहीत.

कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत हे मिश्रण करू नये. किमान आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवावे. पाणी साचणाऱ्या जमिनीत आधी गादीवाफे व निचरा करावा. तो नसेल तर जिवाणूंवरचा खर्च वाया जातो.

चुरडा-मुरड्यावर मात्र हा उपाय नाही. तो पांढरी माशी पसरवत असलेल्या विषाणूमुळे किंवा फुलकिडे व कोळी यांमुळे येतो.

फरक पाहायचा असल्यास त्याच वाफ्यातील दोन ओळी जिवाणू न देता ठेवाव्यात, तेथे खूण करावी आणि दर आठवड्याला मेलेली झाडे मोजावीत.