लिनक्स कर्नेलमधील शाखांचे विलीनीकरण : पाठभेदाच्या प्रश्नाचा एक अर्वाचीन इतिहास

एकाच ग्रंथाच्या दोन प्रती दोन ठिकाणी वाढल्या, तर एकत्र करताना कोणता पाठ ग्राह्य मानावा? मराठीच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. स. सुखटणकरांनी महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सित आवृत्ती १९३३ मध्ये पूर्ण केली. शिवाजी पेठेत हा इतिहास शिकवीत असता, शेजारच्या संगणक प्रयोगशाळेतही याच जातीचे काम चालते, हे प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात फार उशिरा आले.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेल्या लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल. जगभरचे प्रोग्रामर आपापल्या शाखेत त्यात बदल करतात आणि त्या शाखा पुढे मुख्य प्रवाहात येतात. आरंभी टोरवाल्ड्स हे बदल स्वतः जोडीत. २००२ पासून त्यांनी ‘बिटकीपर’ वापरले. २००५ च्या एप्रिलमध्ये त्याच्या विनामूल्य वापराची सवलत संपताच अवघ्या काही दिवसांत ‘गिट’ उभे केले.

गिट तीन प्रती ताडून पाहते : दोन शाखा आणि त्यांचा समान पूर्वज. एकाच शाखेने ओळ बदलली असेल, तर तो बदल आपोआप स्वीकारला जातो. दोघींनी तीच ओळ निरनिराळी बदलली असेल, तर दोन्ही पाठ खुणांसह समोर ठेवून गिट थांबते. सुखटणकरांपुढे मूळ संहिता नव्हती. येथे मूळ हाती असूनही निर्णय सुटत नाही, कारण दोन्ही लेखकांना काय साधायचे होते हे त्या ओळीत लिहिलेले नसते.

याहून घातक विरोध मूक असतो. एका शाखेत एखाद्या फंक्शनचे नाव बदलते, दुसरीत जुन्याच नावाने नवा वापर सुरू होतो. ओळी वेगळ्या असल्याने गिटला तंटा दिसत नाही. कर्नेल मात्र बांधता येत नाही. असे विरोध आधीच उघडे पडावेत म्हणून २००८ मध्ये स्टीफन रॉथवेल यांनी ‘लिनक्स-नेक्स्ट’ या शाखेत येऊ घातलेले बदल नियमितपणे एकत्र करून पाहण्यास प्रारंभ केला. टोरवाल्ड्स यांचा आग्रहही असाच : विरोध झाकू नका, कळवा, तो मी सोडवीन. हा आग्रह अहंकाराचा वाटेल. परंतु कोणत्या दोन शाखा कोठे घासतात, हे मुख्य संपादकाला त्याशिवाय कळावे कसे?

अँड्रॉइडचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. फोन अवेळी निद्रिस्त होऊ नये यासाठी त्याच्या शाखेत ‘वेकलॉक’ नावाची योजना होती. मुख्य प्रवाहाने ती मान्य केली नाही. तीवर अवलंबून असलेले ड्रायव्हरही त्यामुळे बाहेर राहिले. अँड्रॉइडचा संकेत २.६.३३ या आवृत्तीतून वगळला गेला. मार्च २०१२ मध्ये, ३.३ आवृत्तीत, त्यातील बराच भाग परतला. वेकलॉकचा प्रश्न त्याच वर्षी ३.५ मध्ये मिटला, पण मूळ संकेत जसाच्या तसा घेऊन नव्हे. राफाएल विसॉकी यांनी गरज तीच ठेवून रचना नव्याने केली होती. दोन पाठांतून निवड न करता तिसराच लिहिला होता.