राजाचे सैन्य आणि गावचा वीर

चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग इ. स. पूर्व २१० मध्ये निवर्तला. त्याच्या समाधीजवळ पुरलेले भाजल्या मातीचे सैन्य १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाती लागले. पुरुषभर उंचीचे हजारो सैनिक, सोबत घोडे व रथ, चेहरे परोपरीचे. परंतु हा सारा खटाटोप एका राजासाठी! मेल्यावरही त्याची चाकरी खंडू नये, म्हणून हे सैन्य भूमीच्या पोटात उभे राहिले.

आमच्या सामरवरणीहून दक्षिणेस, याच उत्तर कोकणात, बोरिवलीजवळ एकसर येथे सहा वीरगळ आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते झुंजताना दिसतात. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातील संग्रामाशी काही संशोधक त्यांचा संबंध जोडतात. वीरगळाची मांडणी बहुधा ठरलेली असते: तळाशी युद्ध, वर अप्सरांसह स्वर्गारोहण, त्याहून वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य.

येथे सैनिक राजासाठी नव्हे, शिळाच सैनिकासाठी उभी आहे. तीही उघड्यावर, सर्वांच्या दृष्टीसमोर. मात्र महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर नाव कोरलेले नाही. कोठे त्यांना शेंदूर लागतो, कोठे त्यांची पायरी होते. शंभर वर्षांहून जुने शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते खरे. पण कायदा दगड राखील, आठवण राखणार नाही. गावकरी त्या शिळेविषयी काय सांगतात, ते लिहून ठेवणे आपल्याच हातचे आहे.