कोलंबियातील विषयनिवड : बाबासाहेब आणि समाजशास्त्र

जून महिना आला की विहारात येणाऱ्या मुलामुलींच्या हाती महाविद्यालयांची माहितीपत्रके दिसू लागतात. पालीच्या अध्यापकाला ही मुले सल्ला विचारतात, तो क्वचितच पालीविषयी असतो. 'सर, बी. ए. ला समाजशास्त्र घ्यावे काय?' हा प्रश्न मात्र हमखास ठरलेला. त्यामागे बहुधा एक समजूत असते : हा विषय सोपा, गुण बरे मिळतात आणि स्पर्धा परीक्षेसही उपयोगी पडतो. या समजुतीशी वाद घालत न बसता मी त्यांना एका विद्यार्थ्याच्या विषयनिवडीचा इतिहास सांगतो. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या सभांतून नित्य वाचली जाते. त्या पदव्यांसाठी त्यांनी कोणते विषय निवडले आणि का, याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

मुळात निवडीचे स्वातंत्र्यच त्यांना उशिरा लाभले. शाळेत संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली व पर्शियन घ्यावी लागली. मुंबई विद्यापीठात ते पदवीसाठी शिकत होते त्या काळी समाजशास्त्राचा विभागच नव्हता. तो पॅट्रिक गेडीस यांच्या नेतृत्वाखाली १९१९ साली सुरू झाला. सारांश, ज्या समाजव्यवस्थेचे चटके ते सोसत होते, तिचा शास्त्र म्हणून अभ्यास करण्याची सोय त्यांच्या पदवीच्या अभ्यासक्रमात नव्हती.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत दाखल झाले. नाव राज्यशास्त्राचे असले, तरी या विद्याशाखेत इतिहास, अर्थशास्त्र, सार्वजनिक कायदा आणि समाजशास्त्र हे विषय एकत्र नांदत होते. एका विषयातून दुसऱ्यात जाण्यास भिंत नव्हती. उपलब्ध नोंदींनुसार बाबासाहेबांनी तेथे अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४ व राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. म्हणजे एकूण ६०. त्यांत समाजशास्त्राचा वाटा जेमतेम दशांश. परंतु विषयाचे वजन अभ्यासक्रमांच्या संख्येने तोलू नये, हे पुढील हकीकतीवरून ध्यानी येईल.

कोलंबियात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते फ्रँकलिन गिडिंग्ज. १८९४ पासून ते या पदावर होते. माणसे एकमेकांना आपल्यासारखी म्हणून ओळखतात, या 'सजातीयतेच्या जाणिवे'तून समाज घडतो, हे त्यांचे मध्यवर्ती प्रतिपादन. १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये राष्ट्रीयत्वाची मीमांसा करताना बाबासाहेबांनी हीच संज्ञा योजली आहे. फ्रेंच विचारवंत गॅब्रिएल तार्द यांच्या अनुकरणविषयक ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९०३ साली निघाले, त्याची प्रस्तावनाही गिडिंग्ज यांचीच.

या तार्दचा उपयोग बाबासाहेबांनी कोठे केला? ९ मे १९१६ रोजी डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. वय २५. पदवीचा मुख्य विषय अर्थशास्त्र, चर्चासत्र मानवशास्त्राचे आणि उपपत्ती समाजशास्त्राची! सेनार, नेसफील्ड, रिस्ले या परदेशी पंडितांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या आणि अपुऱ्या ठरविल्या. आपल्याकडे ज्ञानकोशकार म्हणून परिचित असलेले डॉ. श्री. व्यं. केतकर यांनी कॉर्नेल विद्यापीठात जातीवरच संशोधन केले होते. त्यांची व्याख्या बाबासाहेबांना इतरांहून सरस वाटली; पण मिश्रविवाहबंदी आणि जन्मावर ठरणारे सदस्यत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी दाखविले.

बहिर्विवाहाची रीत असलेल्या समाजावर अंतर्विवाह लादला गेला, की जात निर्माण होते, हा त्यांचा सिद्धान्त. एकदा गट बंद केला की त्यातील स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राखणे भाग पडते. पती निवर्तलेली स्त्री 'अधिक' ठरते. तिला जाळावे अथवा सक्तीच्या वैधव्यात कोंडावे. पत्नी निवर्तलेला पुरुष 'अधिक' ठरला, तर त्याच्यावर ब्रह्मचर्य लादावे किंवा विवाहाचे वय न झालेल्या मुलीशी त्याचे लग्न लावावे. सती, वैधव्य व बालविवाह या चालींना धर्माचे अलंकार नंतर चढविले गेले; त्यांचे मूळ या हिशेबात आहे. (येथे मला २९ अभ्यासक्रमांचा अर्थशास्त्रज्ञ बोलताना ऐकू येतो.) दार प्रथम ब्राह्मणांनी लावून घेतले, इतरांनी काही अंशी अनुकरणाने तेच केले, आणि काहींना दार बाहेरून बंद झालेले आढळले. हा प्रसार समजावताना तार्द उपयोगी पडले : अनुकरण वरून खाली वाहते आणि अंतर जितके कमी तितके ते तीव्र असते.

पालीच्या अभ्यासकाला येथे मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्ताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. वर्णश्रेष्ठत्वाचा दावा करणाऱ्या तरुण ब्राह्मणाला भगवंत विचारतात, योन-कंबोज या सीमेवरील देशांत आर्य व दास असे दोनच वर्ण आहेत, आर्याचा दास होतो आणि दासाचा आर्य, हे तू ऐकले आहेस ना? दुसरा समाज समोर ठेवून आपल्या समाजाचा दावा तपासण्याची ही पद्धत आहे. १९१६ च्या निबंधावर या सुत्ताचा प्रभाव होता, असे मला मुळीच सुचवायचे नाही. तसा पुरावा नाही. पण पाली आणि समाजशास्त्र ही जोडी विद्यार्थ्याने एकत्र का घ्यावी, हे सांगताना मी हेच सुत्त पुढे ठेवतो.

चर्चासत्रातील हा निबंध मे १९१७ च्या 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला. मुंबईत १९२४ पासून डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाती समाजशास्त्र विभाग आला आणि जातीच्या अध्ययनाची मोठी परंपरा उभी राहिली; तरी बाबासाहेबांचा निबंध समाजशास्त्राच्या वर्गांत दीर्घकाळ उपेक्षितच राहिला. स्वतः बाबासाहेबांनी १९४४ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, तो त्या ग्रंथात सामावून घेण्याचा आपला मानस होता पण वेळ मिळाला नाही, असे नमूद केले. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली त्यांच्या लेखन व भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा वसंत मून यांनी तो आरंभीच घातला. बी. ए. ला समाजशास्त्र घेऊ इच्छिणाऱ्या मुलांना मी प्रथम या खंडाची सुरुवातीची पाने वाचून येण्यास सांगतो, आणि अर्ज त्यानंतर भरावा असे सुचवितो.