दुचाकीचं शिकाऊ लायसन्स : मुलांच्या हाती चावी देण्याआधी

दहावीचा निकाल लागला की घरोघरी गाडीचा हट्ट सुरू होतो. कॉलेज लांब, ट्यूशन संध्याकाळची, रोजची रिक्षा परवडत नाही. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे पालकांचा एक प्रश्न नेहमी ऐकतो : "गियर नसलेली स्कूटी सोळाव्या वर्षी चालते ना?" म्हणून कायदा नेमकं काय सांगतो, ते इथे एकत्र देत आहोत.

वय किती हवं?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची बिनगियरची दुचाकी चालवता येते, तीही लायसन्स काढून आणि पालकांच्या लेखी संमतीने. आज रस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोल स्कूटी बहुतेक ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. त्यांना गियर नसला तरी वय १८ पूर्ण लागतं. सगळा गैरसमज इथेच आहे.

बॅटरीच्या गाडीचंही तसंच. मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच लायसन्स लागत नाही. दुकानदाराच्या तोंडी भरवशावर राहू नका, कागद मागा.

लायसन्स कसं निघतं?

अर्ज 'सारथी' पोर्टलवर भरायचा. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. आधारची पडताळणी झाली तर शिकाऊ लायसन्सची परीक्षा महाराष्ट्रात घरबसल्या देता येते. प्रश्न वाहतुकीच्या खुणा आणि नियमांवर असतात. पास व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर हवीत. ही परीक्षा मुलाच्या नावावर दुसऱ्यानेच देऊन टाकली, तर लायसन्स मिळेल, पण खुणा कधीच समजणार नाहीत.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. तीस दिवसांनंतर आरटीओत पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा.

शिकताना काय पाळायचं?

गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. मागे मित्र, बहीण, कुणालाच बसवायचं नाही. फक्त लायसन्स असलेला शिकवणारा चालतो. हेल्मेट आयएसआय मार्कचं, आणि पट्टा लावलेलं. हेल्मेट नसेल तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. ट्रिपल सीटलाही तेवढंच.

पालकांवर काय येतं?

लायसन्स नसताना गाडी चालवली तर ५,००० रुपये दंड. चालवणारा अल्पवयीन असेल तर प्रकरण घरापर्यंत येतं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. पंचवीस वर्षं म्हणजे पहिली नोकरी शोधायचा सगळा काळ निघून गेला.

विम्याचं गणित याहून जड आहे. लायसन्स नसलेल्या मुलाच्या हातून कुणी जखमी झालं, तर विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मागणी करू शकते. एका चुकीपायी घर विकायची वेळ येऊ शकते.

प्रशिक्षण : कायद्यात कमी, गरज जास्त

ब्रिटनमध्ये १९९० पासून नवख्या दुचाकीस्वाराला रस्त्यावर येण्याआधी 'सीबीटी' नावाचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्यात किमान दोन तास प्रत्यक्ष रस्त्यावर, प्रशिक्षकासोबत. आपल्याकडे खासगी दुचाकीसाठी अशी सक्ती नाही. आठाच्या आकड्यात गाडी फिरवली की बरंचसं काम झालं, असं मुलांना वाटतं.

म्हणून ही कमी घरातच भरून काढावी लागते. आधी रिकाम्या मैदानात पुढचा-मागचा ब्रेक एकत्र दाबायला शिकवा. मग आरसा बघून, इंडिकेटर देऊन वळणं. पावसात रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात, हे दाखवून द्या. ट्रकच्या डाव्या बाजूने घुसू नये, हे रोज सांगा. मुली शिकत असतील तर त्यांनाही एवढाच वेळ द्या.

अठरा पूर्ण होईपर्यंत एसटीचा पास काढा, सायकल द्या. मुलं दोन दिवस रुसतील. रुसवा निघतो.