दोन महायुद्धे पाहिलेली युद्धनौका : 'श्लेस्विग-होल्स्टाइन'

१ सप्टेंबर १९३९ रोजी पहाटे पावणेपाचच्या सुमारास डान्झिग बंदरातील एका जर्मन युद्धनौकेने समोरच्या पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या. दुसऱ्या महायुद्धाचा आरंभ या माऱ्याने झाला, असे सामान्यतः मानले जाते. तो करणारी 'श्लेस्विग-होल्स्टाइन' मात्र जर्मन आरमारातील सर्वांत जुन्या नौकांपैकी एक होती.

'डॉइचलँड' वर्गातील पाच युद्धनौकांपैकी ही शेवटची. कील येथील गोदीत १९०५ मध्ये तिची बांधणी सुरू झाली आणि डिसेंबर १९०६ मध्ये जलावतरण झाले. तिच्यावर २८ सेंटिमीटर व्यासाच्या चार मुख्य तोफा होत्या. त्याच महिन्यात ब्रिटनची 'ड्रेडनॉट' नौदलात दाखल झाली. दहा मुख्य तोफा आणि वाफेच्या टर्बाइनवर मिळणारा २१ नॉटचा वेग यांमुळे जगातील सर्व जुन्या युद्धनौका एका फटक्यात मागे पडल्या. परिणामी, जुलै १९०८ मध्ये सेवेत आलेली 'श्लेस्विग-होल्स्टाइन' पहिल्या दिवसापासूनच कालबाह्य होती.

पहिल्या महायुद्धात, ३१ मे १९१६ रोजी सुरू झालेल्या जटलंडच्या लढाईत तिने भाग घेतला. एका गोळ्याच्या आघाताने तिचे तीन नौसैनिक ठार झाले. तिच्याच वर्गातील 'पोमेर्न' ही नौका पाणतीराने फुटून सर्व खलाशांसह बुडाली. त्यानंतर या जुन्या नौका आघाडीवरून मागे घेण्यात आल्या.

तिचे जुनेपण पुढे तिच्या पथ्यावर पडले. जर्मनीच्या आधुनिक युद्धनौका विजेत्यांनी अडकवून ठेवल्या. व्हर्सायच्या तहाने केवळ मोजक्या जुनाट नौका बाळगण्याची मुभा दिली. त्यामुळे १९२६ मध्ये 'श्लेस्विग-होल्स्टाइन' चक्क ताफ्याची ध्वजनौका बनली. १९३६ पासून तिचा वापर छात्रांच्या प्रशिक्षणासाठी होऊ लागला.

२५ ऑगस्ट १९३९ रोजी ती डान्झिगला आली, ती सदिच्छा भेटीच्या मिषाने. पहिल्या महायुद्धातील जर्मन नौसैनिकांना आदरांजली वाहणे, हे कारण सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तिच्या पोटात सुमारे सव्वादोनशे सैनिकांची तुकडी दडलेली होती. दुसऱ्याच दिवशी ठरलेला हल्ला हिटलरने आयत्या वेळी पुढे ढकलला आणि तो १ सप्टेंबरला झाला. वेस्टरप्लाट येथील ठाण्यात जेमतेम दोनशे पोलिश सैनिक होते. काही शे मीटरवरून होणारा तोफांचा मारा आणि विमानांची बॉम्बफेक सोसत मेजर हेन्रिक सुखार्स्की यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सात दिवस झुंज दिली. ७ सप्टेंबरला ठाणे पडले. परंतु ही झुंज पोलिश प्रतिकाराचे प्रतीक ठरली.

१९४० मध्ये डेन्मार्कवरील आक्रमणात सहभागी झाल्यावर ही नौका पुन्हा प्रशिक्षणाकडे वळली. डिसेंबर १९४४ मध्ये ग्डिनिया बंदरात ब्रिटिश विमानांच्या बॉम्बहल्ल्यात ती उथळ पाण्यात बसली. मार्च १९४५ मध्ये, सोव्हिएत फौजा जवळ येताच, जर्मनांनीच तिची उरलीसुरली मोडतोड केली. युद्धानंतर सोव्हिएत नौदलाने सांगाडा वर काढून एस्टोनियाच्या किनाऱ्याजवळ नेला आणि नेमबाजीच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून वापरला.

वेस्टरप्लाटच्या भूमीवर १९६६ मध्ये तेथील रक्षकांचे भव्य स्मारक उभे राहिले. त्यांच्यावर तोफा डागणाऱ्या नौकेचे अवशेष बाल्टिक समुद्राच्या तळाशी विखुरले आहेत.