हवा आणि आमची कंबर

लांबच्या फेरीला टायर दगडासारखा टणक हवा, ही आमची ठाम समजूत. गेल्या रविवारी पुण्याहून खडकवासल्याला निघताना पंप मारून मारून घामाघूम झालो. परतलो तेव्हा सायकल ठणठणीत. कंबर मात्र थकबाकीत!

वास्तविक हवेचा टायर जन्मला तोच बापाच्या मायेपोटी. बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांच्या पोराची तीनचाकी भरीव रबरी टायरांवर नुसती आदळायची. डॉक्टरांनी रबरी नळीत हवा भरून ती चाकांना बसवली आणि १८८८ साली पेटंट घेतलं. त्या लठ्ठ टायरांना लोक हसले. १८८९ साली विली ह्यूमने त्यांच्यावरच शर्यती जिंकल्या, तेव्हा गप्प बसले. पुढे कळलं, रॉबर्ट थॉमसनने १८४५ सालीच असं पेटंट घेतलं होतं. डनलॉपसाहेबांचं बाद! आमच्या भाषेत, आधीच वटलेला चेक.

तात्पर्य, टायर जरा रुंद घ्यावा, हवा बेताची भरावी. फार कमीही नको. खड्ड्यात रिमखाली ट्यूब चेंगरते. पण खड्डा टायरनं गिळावा, कंबरेनं नव्हे.

या रविवारी निघताना थोडी हवा सोडली. हिनं विचारलं, "पंक्चर?"

म्हटलं, "नाही. अक्कल."