नाम पूछे तो क्या बोलेगा?

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी उदगीरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकत होतो. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट. गणपती विसर्जन करून दमलेली गावे झोपेत असतानाच जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती, त्यावरची माळवदे, सगळे झोपलेल्या माणसांवर आले. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. तिसऱ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातली दहा-बारा पोरे टिकाव, फावडी, घमेली घेऊन आडतीच्या ट्रकमधून निघाली. अम्मीने फडक्यात भाकरी बांधून दिल्या आणि हळूच विचारले, "नाम पूछे तो क्या बोलेगा?"

अम्मीचा प्रश्न बिनबुडाचा नव्हता. मुंबईच्या दंगलीला वर्षही झाले नव्हते. मी तेव्हा काहीच उत्तर दिले नाही. पण तो प्रश्न माझ्यासोबत राहिला, आणि पुढे कितीतरी वर्षांनी बिहारच्या १९३४च्या भूकंपाविषयी वाचताना मला एक माणूस भेटला, ज्याच्या सगळ्या कामाच्या मुळाशी हाच प्रश्न होता. त्याचे नाव पिएर सेरेसोल. आज त्याच्याविषयी बोलायचे आहे.

सेरेसोल स्वित्झर्लंडचा. जन्म १८७९चा. वडील त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. हा शिकून इंजिनिअर झाला, अमेरिका, हवाई, जपान असा फिरला, हातावरची कामे केली, वारशाने आलेला पैसा सरकारला देऊन मोकळा झाला. पहिल्या महायुद्धात लष्करी कर भरायला त्याने नकार दिला आणि तुरुंगात गेला. अशी माणसे घरच्यांना जड जातात. पण त्याचा सख्खा भाऊ अर्नेस्ट, जो स्विस सैन्यात कर्नल होता, तोच पुढे या शांततावादी भावाच्या शिबिरांची शिस्त सांभाळायला उभा राहिला. मला या दोन भावांचे मोठे कौतुक वाटते.

युद्ध संपल्यावर हॉलंडमध्ये शांततावाद्यांची परिषद भरली. ठराव झाले, भाषणे झाली. तिथे एक जर्मन प्रतिनिधी उठला आणि म्हणाला की, माझ्या भावाला ज्या मुलखात विध्वंस करावा लागला, तिथे जाऊन मला हातांनी बांधकाम करायचे आहे, असे या चळवळीच्या इतिहासात सांगतात. सेरेसोलने ते मनावर घेतले. नोव्हेंबर १९२०मध्ये मूठभर माणसे व्हर्दूनजवळच्या एन नावाच्या फ्रेंच खेड्यात पोहोचली. त्यांच्यात ह्यूबर्ट पॅरिस हा इंग्रज होता, स्विस होते आणि काही जर्मनही होते.

व्हर्दून म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. १९१६ साली तिथे दहा महिने लढाई चालली आणि दोन्ही बाजूंची मिळून तीन लाखांहून अधिक माणसे मेली. एन हे खेडे त्या रणभूमीवरच होते. घरे नव्हती, शेतात तोफगोळ्यांचे खड्डे, काटेरी तारा आणि न फुटलेले गोळे. परत आलेली कुटुंबे तळघरांत, फळ्यांच्या आडोशाला राहत होती. अशा जागी शत्रूच्या देशातली पोरे फावडी घेऊन आली आणि म्हणाली, आम्ही तुमची घरे बांधतो.

हिवाळाभर त्यांनी काम केले. लाकडी घरे उभी केली, खड्डे बुजवले, रस्ता नीट केला. जवळ राहून ज्यांनी त्यांचे काम पाहिले, त्यांच्यापैकी काहींची मने हलली. पण वरच्या अधिकाऱ्यांना आणि गावातल्या काहींना जर्मन नको होते. ज्या बाईचा मुलगा त्या टेकडीवर गेला, तिला आपण कोणत्या तोंडाने दोष द्यायचा? शेवटी सुचवले गेले की, काम चालू द्या, फक्त जर्मनांना परत पाठवा. सेरेसोल आणि साथीदारांनी ते मानले नाही. एप्रिल १९२१मध्ये सगळेच निघून गेले.

पाच महिन्यांत पहिला प्रयोग बंद पडला. 'शब्द नकोत, कृती हवी' हे या मंडळींचे ब्रीद. (आम्हा कवींनी हे वाक्य जरा लांबूनच वाचलेले बरे.) पण मला त्यांच्या कृतीपेक्षा ते काम सोडून निघून जाणे जास्त विचार करायला लावते. घर हवे, पण अमक्याच्या हातचे नको, असे म्हणण्याचा हक्क ज्याचे घर गेले त्याला आहे की नाही? आणि ज्याचे हात नाकारले गेले, त्याच्या सोबत्यांनी काय करावे?

किल्लारीच्या भागातला माझा अनुभव इथेच सांगतो. पाऊस पडत होता. एका आजीबाईच्या पडलेल्या घरातले दगड आम्ही ओळीने उभे राहून हातोहात बाजूला करत होतो. तिला आत गाडली गेलेली उतरंड हवी होती, खालच्या मडक्यात काही तरी ठेवलेले होते. दुपारी तिने मला विचारले, "नाव काय रं लेकरा?" मी नाव सांगितले. खरे नाव. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी पेलास का?" आणि पुन्हा दगडांकडे पाहून, "जपून काढ बाबा, मडकी हायेत."

आता बिहार. १५ जानेवारी १९३४, दुपारची वेळ. आदल्या दिवशी संक्रांत झालेली, रमजानचे शेवटचे दिवस चाललेले. नेपाळ आणि उत्तर बिहार हादरला. जमिनीला भेगा पडून आतून वाळू आणि पाणी उसळले, शेते वाळूखाली गेली, विहिरी बुजल्या, घरे सरळ खाली खचली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. हा वाद सर्वांना ठाऊक आहे. त्याच मातीत पुढे उभा राहिलेला पंचावन्न वर्षांचा एक स्विस इंजिनिअर मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही.

गांधीजी १९३१मध्ये रोमाँ रोलाँ यांना भेटायला स्वित्झर्लंडला गेले होते, तेव्हापासून सेरेसोलची त्यांच्याशी ओळख. तोपर्यंत त्याची शिबिरे युरोपात रुजली होती. लिख्टेनश्टाइनमध्ये १९२७ साली ऱ्हाइनचा पूर आला, तेव्हा पुढच्या वर्षी वीसहून अधिक देशांतले सातशेवर स्वयंसेवक गाळ उपसायला गेले. बिहारमध्ये मात्र तो एनसारखा थेट जाऊन थडकला नाही. आधी एकटा आला, हिंडला, मदत समितीचे काम पाहणाऱ्या राजेंद्र प्रसादांशी बोलला, सरकारी अधिकाऱ्यांनाही भेटला. मग थोडे साथीदार घेऊन परतला. त्यांत जो विल्किन्सन आणि फ्रेझर हॉयलंड हे दोघे इंग्रज होते. म्हणजे राज्यकर्त्यांच्या देशातली माणसे मुजफ्फरपूरकडच्या खेड्यांत मातीची पाटी उचलत होती. खचलेल्या जमिनीवर पुराचे पाणी साचू लागल्याने तिथली खेडी उंचवट्यावर नव्याने वसवायची होती. हे काम १९३७पर्यंत चालले.

जाता जाता एक मराठी धागा. ब्रिटनमध्ये बेकारांबरोबर अशी शिबिरे चालवणारे जॉन हॉयलंड आधी नागपूरला हिस्लॉप कॉलेजात शिकवायला होते. तुकोबांच्या अभंगांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९३२मध्ये पुस्तकरूपाने आले. एका हातात फावडे आणि दुसऱ्या हातात तुकोबा, असे ते गृहस्थ.

बिहारच्या कामाविषयी एक शंका कुणालाही येईल, मलाही आली. जिथे मजूर चार आण्यांसाठी तिष्ठत उभे, तिथे समुद्र ओलांडून आलेल्या चार गोऱ्यांच्या फावड्यांनी असा काय फरक पडणार? मातीच्या हिशेबाने पाहिले तर काहीच नाही. त्यांच्या प्रवासखर्चात आणखी काही घरे उठली असती. पण पाटी उचलणे हे हलक्या जातीचे काम असे मानणाऱ्या मुलखात एका राष्ट्राध्यक्षाचा मुलगा पाटी उचलतो, हे लोक पाहत होते. त्याची किंमत कोणत्या वहीत लिहायची, ते मला सांगता येत नाही.

हीच शंका आपल्याकडे २००६मध्ये पुन्हा निघाली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेबरोबर ते लोणावळ्याजवळ मळवलीला आले. देशोदेशीचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक आणि शंभर घरे, आठवडाभराचे काम. वर्तमानपत्रांत फोटो आले ते ब्रॅड पिटचे. या संस्थेची रीत मात्र मला पटते. घर फुकट मिळत नाही. ज्याचे घर त्यानेही विटा वाहायच्या आणि पुढे नफा न घेता दिलेले कर्ज हप्त्यांनी फेडायचे. कार्टर यांच्या आई लिलियन साठी उलटून गेल्यावर विक्रोळीच्या दवाखान्यात पीस कोअरतर्फे नर्स म्हणून राबल्या होत्या, १९६६ ते १९६८. मुलाच्या आधी चाळीस वर्षे, आणि आठवड्यासाठी नव्हे, दोन वर्षांसाठी.

किल्लारी परिसरातली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. देशाविदेशातून मदत आली, सरळ रस्ते आखले गेले, एकसारखी घरे उभी राहिली. बऱ्याच वर्षांनी मी त्या आजीच्या नव्या गावी गेलो. आजी नव्हती. तिचा मुलगा भेटला. घर भक्कम आहे, शेत मात्र लांब पडते आणि बैल बांधायला जागा कुणी ठेवलीच नव्हती, म्हणाला. म्हणून घरामागे त्याने स्वतः पत्र्याचा गोठा घातला होता. जोत्याला जुन्या घराचे दगड वापरले होते, गाडीने चार खेपा करून आणलेले. मडकी सापडली होती का, असे मी विचारले. त्याने आत नेऊन दाखवली. उतरंडीतली दोन शाबूत होती, एकात बियाण्याची ज्वारी भरून ठेवली होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)